मदत हवी आहे: करवंटीच्या वाट्यांचा दर किती ठेवू?

नमस्कार मंडळी. मी मालवणची. नारळाच्या करवंटीच्या (आमच्याकडे करटी) वाट्या आणि डाव घरी बनवते. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात, तेव्हा इथल्या हस्तकला बाजारात पहिल्यांदाच टेबल घेतलंय.

अडलंय ते दरात. बाहेरच्या शेंड्या खरवडायच्या, मग 80, 220 आणि शेवटी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. एका वाटीला दीड तास सहज जातो. वर खोबरेल चोळलं की काळपट तपकिरी रेषा अशा उठून दिसतात, की बघत राहावंसं वाटतं. करवंटी घरचीच, म्हणून हे म्हणतात शंभर रुपये पुरे. मला नाही पटत, मजुरी धरायला नको का? सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं विकणारे कसा हिशोब करतात, कुणाला ठाऊक आहे का? गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, तर किती उतरायचं?

आणखी एक. पावसाळ्यात ठेवलेल्या सहा वाट्यांना बुरशी धरली, फार जीवाला लागलं. खोबरेलाऐवजी जवसाचं तेल लावलं तर टिकतील का? त्यातून लोक सोलकढी पितील, म्हणून वॉर्निश नकोच.

अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.