मदत हवी आहे: आपल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे दुसऱ्यांनी काढलेले बिल्ड आपल्या साइटवर लावावेत का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. द्राक्षबागेच्या फवारणीची नोंदवही ठेवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी नोकरी सांभाळून चालवते. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, जीपीएल ३ या परवान्याखाली. कुठल्या प्लॉटला कोणत्या तारखेला काय मारलं, एकरी किती, आणि त्या औषधाचा पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांत ठेवायचे किमान दिवस) धरला तर काढणी कधीपासून चालेल, एवढंच ते सांगतं. ज्यांचा माल युरोपला जातो त्यांचे प्लॉट अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत असतात, काढणीआधी नमुना लॅबला जातो, त्यामुळे ही वही नीट ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. प्रोग्रॅम पायथॉनमध्ये आहे, खिडक्या टीकेइंटरच्या, आणि पायइन्स्टॉलरने एक्सई (विंडोजवर थेट चालणारी फाइल) बांधते. कोडमधून असं बांधलेलं तयार सॉफ्टवेअर म्हणजे बिल्ड. मी स्वतः ६४ बिट विंडोज १० आणि ११ साठीच बिल्ड काढते. त्यापलीकडे माझ्याकडे ना मशीन आहे ना वेळ.

आता तिघांनी आपापले बिल्ड काढलेत आणि तिघांनाही डाउनलोडच्या पानावर जागा हवी आहे.

पहिले निफाड तालुक्यातले, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. त्यांच्या गिऱ्हाइकांकडे अजून विंडोज ७ ची ३२ बिट मशीन्स धडधडीत चालू आहेत. पायथॉन ३.८ नंतरचं काही विंडोज ७ वर चालत नाही, म्हणून त्यांनी माझा कोड मागे नेऊन ३.८ वर बसवला. मी मॅच-केस वापरलं होतं तिथे इफ-एल्स घातले, डिक्शनऱ्या पाइप चिन्हाने जोडल्या होत्या तिथे जुनी पद्धत आणली. काम स्वच्छ आहे, पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) वाचलाय मी.

दुसरा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. त्याने रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरसाठी बिल्ड काढलाय. तो चालतो, पण परीक्षा आली की हा मुलगा गायब होणार हे उघड आहे.

तिसरे एक औषधविक्रेते. यांनी सेटअपवर स्वतःच्या दुकानाचा लोगो घातला. त्याचं मला काही नाही. पण औषधांच्या तक्त्याची फाइल उघडून माझ्या फाइलशी ओळीला ओळ लावून पाहिली, तर दोन औषधांपुढचे पीएचआयचे दिवस माझ्यापेक्षा कमी निघाले. विचारलं तर म्हणाले, "कंपनीच्या माणसाने सांगितलं." नाव मात्र माझ्याच सॉफ्टवेअरचं, अगदी आयकॉनसकट.

लावलं तर लोक समजणार की हे हिचंच आहे. नाही लावलं तर एक्सई व्हॉट्सअॅपवरून फिरणार, आत्ताही फिरतेच आहे. मोठे प्रकल्प हे कसं हाताळतात? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बेदाणा

जीपीएल आहे ना ताई? मग कोणीही बिल्ड काढेल, वाटेल, विकेलसुद्धा. अडवता येणार नाही.

सातपूरकर

अडवायचं नाहीच आहे हो. माझ्या पानावर त्याचा दुवा द्यायचा की नाही, आणि दिला तर कोणत्या शब्दांत, एवढाच प्रश्न आहे.

मेकफाइल

दाखले भरपूर आहेत. एफएफएमपेग हा व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारा प्रकल्प स्वतः फक्त सोर्स कोड देतो. विंडोज आणि मॅकसाठी त्यांच्या डाउनलोड पानावर दुसऱ्यांच्या साइटचे दुवे असतात. कर्ल या फाइली उतरवायच्या साधनाच्या पानावरही कितीतरी प्लॅटफॉर्मची पॅकेजेस दुसऱ्यांनी बांधलेली दिसतील. अपाची फाउंडेशनची तर लेखी भूमिका आहे की अधिकृत रिलीज म्हणजे सोर्स, बायनरी (बांधलेली तयार फाइल) ही केवळ लोकांची सोय. तेव्हा दुसऱ्यांचे बिल्ड लावण्यात गैर काही नाही.

पण एफएफएमपेगचीच दुसरी बाजू बघा. विंडोजसाठी बरीच वर्षं झेरानो नावाच्या साइटचे बिल्ड जगभर वापरले जायचे. सप्टेंबर २०२० मध्ये ती साइट बंद झाली. प्रकल्पाने आपल्या पानावरचा दुवा बदलला, पण शेकडो लेखांत तोच जुना पत्ता राहून गेला. असा सोडलेला पत्ता उद्या भलत्याच माणसाने विकत घेतला तर काय होईल, विचार करा. म्हणून तुमच्या विद्यार्थ्याच्या बिल्डपुढे "शेवटचं तपासलं" म्हणून तारीख टाका, आणि मूळ आवृत्तीच्या दोन आवृत्त्या मागे पडला की दुवा काढायचा हे आधीच ठरवून ठेवा. तेव्हा भीड नको.

आणखी एक. एफएफएमपेगचं पान वाचणाऱ्याला टर्मिनल माहीत असतं. तुमचा वाचक डाउनी रोगाच्या धास्तीने रात्री अकराला पान उघडणार. त्याला "थर्ड पार्टी बिल्ड" हे शब्द दिसतसुद्धा नाहीत, मोठं हिरवं बटण तेवढं दिसतं. दुसऱ्यांचे बिल्ड वेगळ्या पानावर ठेवा, बटण नको, साधा दुवा द्या.

कलमबहाद्दर

मी परवान्याच्या बाजूने लिहितो. जीपीएल ३ च्या कलम ५ प्रमाणे बदल करून वाटणाऱ्याने "यात बदल केला आहे" असं ठळक लिहायला हवं, तारखेसकट. कलम ६ प्रमाणे एक्सई द्यायची तर तिच्याशी जुळणारा सोर्स मिळण्याची सोय करायला हवी. निफाडच्या गृहस्थांनी पॅच दिलाय, त्यांचं ठीक आहे. औषधवाल्यांनी या दोन्हीतलं काय केलंय?

नावाचा प्रश्न वेगळा. कोड वापरायची मुभा म्हणजे नाव वापरायची मुभा नव्हे. त्याच परवान्याचं कलम ७ तुम्हाला तसं स्पष्ट लिहून ठेवू देतं. डेबियन या लिनक्स प्रणालीने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये आपले पॅच घातले तेव्हा तो बनवणाऱ्या मोझिलाने नावावर बोट ठेवलं, आणि २००६ पासून डेबियनमध्ये तोच ब्राउझर आइसवीझल नावाने आला. २०१६ मध्ये समेट होऊन फायरफॉक्स हे नाव परत आलं. एवढ्या मोठ्या मंडळींत दहा वर्षं नाव बदलून चाललं, तर दुकानदाराला नवं नाव सुचायला काय हरकत आहे? आकडे बदलायचे तर नाव, आयकॉन दोन्ही बदला, असं सरळ लेखी कळवा. फोनवर नको.

सातपूरकर

कलम ७ मला माहीतच नव्हतं. धन्यवाद. सोर्सचं म्हणाल तर त्यांनी काहीच दिलेलं नाही, मला तक्ता मिळाला तो इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमधून.

चेकसम

इथे सगळे परवान्यात अडकलेत. फाइलचं बोला.

२०१५ मध्ये सोर्सफोर्ज या डाउनलोड साइटने गिंप या चित्रं संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरचं खातं आपल्या ताब्यात घेऊन त्यावर जाहिरातींचं वेष्टण चढवलं. गिंपवाले २०१३ मध्येच तिथून निघाले होते, पण लोक सवयीने तिथूनच उतरवत होते. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट सॉफ्टवेअरच्या तर स्वतःच्याच साइटवरून मॅकसाठी खंडणीखोर व्हायरस घातलेली २.९० आवृत्ती गेली. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या एका मिरर (फाइलींची प्रत ठेवणाऱ्या) सर्व्हरवरची मॅकची फाइल बदलली गेली, आणि ज्यांनी चेकसम (फाइलवरून काढलेला, ठशासारखा क्रमांक) ताडून पाहिला तेच वाचले. अधिकृत ठिकाणी हे होतं, तर निफाडच्या दुकानाच्या गूगल ड्राइव्हवर किती सहज होईल?

म्हणून प्रत्येक बिल्डचा शा-२५६ हॅश (असाच ठसा) तुमच्या साइटवर लिहा, फाइल भले त्यांच्याकडे असो. हॅश आणि फाइल एकाच जागी ठेवले तर घुसणारा दोन्ही बदलतो. ताडून पाहायला विंडोजमध्ये सर्टयुटिल आधीपासून असतंच, विंडोज ७ वरही.

पण हॅशने नेमकं काय कळतं तेही समजून घ्या. तुम्ही पाहिली तीच फाइल ही आहे, इतकंच. ती तुमच्याच कोडमधून निघाली का, याचं उत्तर हॅशकडे नाही. ते हवं असेल तर कोणीही बांधला तरी बाइटला बाइट तोच निघेल असा बिल्ड हवा. पायइन्स्टॉलरमध्ये ते बऱ्यापैकी जमतं: बांधण्याआधी पायथॉनचा हॅश सीड एकच ठरवायचा आणि सोर्स डेट इपॉक हे व्हेरिएबल भरायचं, म्हणजे एक्सईमध्ये दर वेळी नवी वेळ छापली जात नाही. पायथॉनची आणि सगळ्या लायब्रऱ्यांची आवृत्तीही तंतोतंत तीच हवी. मग निफाडला बांधलेली आणि तुम्ही बांधलेली फाइल जुळते का बघा.

खरडछाटणी

मी दिंडोरीकडचा बागायतदार, कोडमधलं काही कळत नाही, पण हा धागा कुणीतरी ग्रुपवर टाकला म्हणून वाचला. ताई, ही वही मी वापरतो.

तिसऱ्या माणसाचं तुम्ही फार सौम्यपणे घेताय. २०१० साली सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षं अडकली, ते आमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही. पीएचआयचे दोन दिवस कमी धरले आणि नमुना फेल गेला तर सबंध प्लॉट लोकल बाजारात जातो, आणि भावातला फरक तुम्हाला सांगायला नको. नर्सरीतून डॉगरिजचा खुंट म्हणून आणावा आणि तीन वर्षांनी कळावं की भलताच निघाला, तसला प्रकार आहे हा. लेबल बघून काही समजत नाही.

मला विचाराल तर एक करा. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी वेळोवेळी बदलते, म्हणजे तक्ता तसाही बदलावा लागतोच. तो सॉफ्टवेअरच्या पोटात कशाला ठेवता? वेगळा द्या. आणि वहीची प्रिंट काढतो तिच्या माथ्यावर तक्ता कोणता, कधीचा आणि बिल्ड कोणी काढला हे छापून येऊ द्या. प्रिंट बघायला माणूस आला की त्यालाही दिसेल, मलाही.

चेकसम

दादांची सूचना एक नंबर. खोटेपणाच करायचा म्हटला तर माथ्यावरची ओळही बदलता येते, पण नकळत होणारा घोळ यात नक्की पकडला जाईल. तक्त्याच्या फाइलवर ताईंनी आपली डिजिटल सही ठेवावी, मूळ प्रोग्रॅम ती तपासेल, आणि जुळली नाही तर लाल अक्षरात सांगेल. आवृत्तीच्या क्रमांकालाही प्रत्येक बिल्डवाल्याने शेपूट लावायचं, म्हणजे "२.४-निफाड-१" असं. डेबियन पॅकेजच्या क्रमांकात स्वतःची भर घालतं ते याचसाठी. तक्रार आली की कोणाचा बिल्ड ते पहिल्याच ओळीत कळतं.

मेकफाइल

निफाडच्या बिल्डबद्दल माझं वेगळं मत आहे: तो बाहेरचा ठेवूच नका. पॅच छोटा आहे, मुख्य शाखेत घ्या. कोड ३.८ वर चालेल असाच लिहिलात तर नव्या पायथॉनवरही चालतो. गिटहब अॅक्शन्स ही आपोआप बिल्ड काढणारी सेवा सार्वजनिक रिपॉझिटरीला (कोडच्या खुल्या साठ्याला) फुकट आहे, तिथल्या विंडोज मशीनवर ३२ बिटचा पायथॉन ३.८ मागवता येतो. बिल्ड तुमच्याच नावाने आपोआप निघेल. तुमच्याकडे नाही ती एकच गोष्ट, विंडोज ७ चं खरं मशीन, आणि ती त्या दादांकडे ढिगाने आहेत. त्यांना अधिकृत परीक्षक करा, पानावर नाव द्या.

फक्त त्या डाउनलोडशेजारी स्पष्ट लिहा: विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पायथॉन ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये. नोंदवहीचं मशीन इंटरनेटला न जोडलेलं बरं.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. खरडछाटणी दादा, तुम्ही सौम्यपणाचं म्हणालात ते पटलं.

निफाडचा पॅच मुख्य शाखेत घेतेय, कालच त्यांच्याशी बोलले. ते खूश आहेत, फक्त म्हणाले की सर्व्हिस पॅक १ नसलेल्या मशीनवर पायथॉन ३.८ बसतच नाही, ते पानावर लिहा. लिहिते. रास्पबेरी पायचा बिल्ड वेगळ्या पानावर, तारीख आणि हॅशसकट. औषधवाल्यांना लेखी कळवलंय: सोर्स द्या, बदल जाहीर करा, नाव बदला. दुवा त्यांना कोणत्याही परिस्थितीत देणार नाही, आकडे दुरुस्त केले तरी. तक्ता वेगळा काढायचं काम गोडी छाटणीच्या आधी उरकायचं बघते.

वेगळ्या पानासाठी मजकूर असा लिहिलाय, सुचवा काही: "खालचे बिल्ड आम्ही बांधलेले नाहीत. ज्यांनी बांधले त्यांची नावं शेजारी आहेत. आम्ही कोड पाहिला आहे, फाइल आमच्यासमोर बांधलेली नाही. अडचण आली तर आधी त्यांना विचारा. एक्स्पोर्टच्या प्लॉटसाठी काढणीची तारीख ठरवण्याआधी पीएचआय मूळ यादीत स्वतः बघा."

एक शेवटचं. माझ्या स्वतःच्या एक्सईवरही विंडोज धोक्याचा इशारा देणारी निळी पाटी दाखवतं आणि एखादा अँटिव्हायरस ती उचलून फेकतो. लोक म्हणतात, तुमचीच फाइल खोटी दिसतेय.

कलमबहाद्दर

मजकुरातलं "आम्ही कोड पाहिला आहे" हे प्रत्येक आवृत्तीला खरं राहील का? नसेल तर "अमुक आवृत्तीचा कोड पाहिला" असं लिहा. बाकी उत्तम.

चेकसम

पायइन्स्टॉलरच्या फाइलवर अँटिव्हायरस उगाच भुंकतात, जुनं दुखणं आहे. एकाच फाइलऐवजी फोल्डरचा बिल्ड दिला तर त्रास बराच कमी होतो. निळ्या पाटीसाठी सहीचं प्रमाणपत्र लागतं, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणजे खर्च वाढला. पण साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्स प्रकल्पांना फुकट सही देतं. अट अशी की बिल्ड प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून, आपोआप निघालेला हवा. सही झाली म्हणून पाटी लगेच जाईल असं नाही, फाइलची ओळख व्हायला थोडा काळ जातो. निफाडचा बिल्ड अॅक्शन्सवर गेला की त्यालाही ही सही मिळू शकेल, विद्यार्थ्याच्या बिल्डला नाही.

सातपूरकर

हे उत्तम. अर्ज करते. निफाडच्या दादांना इथे खातं उघडायला सांगितलंय, विंडोज ७ चं काही असेल तर आता थेट त्यांनाच विचारा.