एडी जोन्स, बावीस वर्षांचा दहा नंबर आणि वॉलाबीजची वाताहत (चर्चा)

मेघना (परामट्टा, सिडनी) | २५ सप्टेंबर २०२३, सकाळी ७:२०

रग्बी विश्वचषकाचा सामना आत्ताच संपला. फ्रान्समधल्या लिऑनला वेल्स ४०, ऑस्ट्रेलिया, म्हणजे आपले वॉलाबीज, ६. विश्वचषकातला आपला सगळ्यात मोठा पराभव. पंधरा वर्षं झाली मला इथे येऊन, रग्बी बघायला इथेच शिकले, आणि 'आपला' म्हणताना आता जीभ अडखळत नाही.

लेक अकरा वर्षांचा आहे, क्लबच्या संघात दहा नंबर खेळतो. सामना पहाटे पाचला होता. मी हाक मारायच्या आधीच पोरगं सोनेरी जर्सी घालून सोफ्यावर बसलेलं. तिसऱ्याच मिनिटाला वेल्सच्या गॅरेथ डेव्हिसने ट्राय केला, म्हणजे चेंडू आपल्या रेषेपलीकडे टेकवून पाच गुण घेतले. मध्यंतरानंतर मोठ्या पडद्यावर प्रशिक्षक एडी जोन्सचा चेहरा आला आणि स्टेडियममधल्या आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. लेक म्हणाला, "आई, आपलेच लोक का ओरडतायत?" त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

दहा नंबर म्हणजे फ्लायहाफ. चेंडू गर्दीतून बाहेर आला की नऊ नंबर तो बहुतेक वेळा याच्याकडेच फेकतो. लाथ मारायची, पास द्यायचा की स्वतः घुसायचं हे त्याने क्षणात ठरवायचं, आणि उरलेले चौदा जण त्याच्या निर्णयावर धावणार. या जागेसाठी जोन्सने ३३ जणांच्या चमूत अस्सल खेळाडू नेला एकच. कार्टर गॉर्डन, वय २२, पहिली कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना) याच जुलैमध्ये खेळलेला. अनुभवी दहा नंबर क्वेड कूपर घरी. १२५ कसोटी खेळलेला मायकेल हूपरही घरी. तेहतीसपैकी पंचवीस जणांचा हा पहिलाच विश्वचषक.

गेल्या आठवड्यात सेंट एटियेनमध्ये फिजीने आपल्याला २२-१५ हरवलं. १९५४ नंतर पहिल्यांदा. त्या सामन्यात उंच आलेला चेंडू गॉर्डनला झेलता आला नाही, टप्पा पडला, फिजीच्या तुइसोवाने उचलला आणि थेट ट्राय. थोड्याच वेळात गॉर्डनला बाहेर बोलावलं. आज त्याला सुरुवातीला घेतलंच नाही, पंधरा नंबरवर, म्हणजे सगळ्यात मागे, खेळणाऱ्या बेन डोनाल्डसनला दहाची जर्सी दिली. बाकावर बसलेल्या गॉर्डनचा चेहरा क्षणभर दिसला. माझ्या पोराने नजर खाली घातली.

चुका बावीस वर्षांचा मुलगा करणारच. राग आहे तो त्याच्या शेजारी एकही जाणता माणूस न ठेवण्याचा.

---

तात्या (ब्रिस्बेन) | सकाळी ८:०५

मेघनाताई, दुःख तुमचं-माझं एकच आहे. पण तुम्ही भलत्याच माणसाला धारेवर धरताय.

जोन्स येऊन आठ महिने झाले. त्याच्या आधी डेव्ह रेनी होता, ३४ कसोटींत १३ विजय. गेल्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सला इटलीने आपल्याला २८-२७ हरवलं, इतिहासात पहिल्यांदा. तेव्हा तर जोन्स नव्हता! ब्लेडिस्लो कप २००३ मध्ये न्यूझीलंडने नेला तो आजतागायत परत आलेला नाही. हूपर माझा अत्यंत आवडता खेळाडू, पण त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत तो कप एकदाही इकडे आला नाही. त्याच लोकांना घेऊन गेलो असतो तर फार तर उपांत्यपूर्व फेरीत हरून परत आलो असतो, आणि २०२७ ला, म्हणजे घरच्या विश्वचषकाला, सगळे पस्तिशीचे झाले असते.

कोणीतरी हा घाव घालायलाच हवा होता. आणि विल स्केल्टनची पोटरी, टुपोची मांडी, दोन्ही फिजीच्या सामन्याआधी गेल्या. कप्तान आणि सगळ्यात दमदार प्रॉप (पुढच्या फळीतला धिप्पाड गडी) एकदम गमावल्यावर कुठला संघ उभा राहतो?

आपल्या भारतीयांना २००७ चा क्रिकेट विश्वचषक आठवत असेल. बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून आपण गटातच गारद झालो, घरांवर दगड पडले. त्यानंतर सहा महिन्यांत सचिन, द्रविड, गांगुली यांच्याशिवाय पोरं जोहान्सबर्गला टी-२० चा विश्वचषक जिंकली. तारीख २४ सप्टेंबर. कालच्याच तारखेला सोळा वर्षं झाली. पोरांवर विश्वास टाकावा लागतो.

---

जिमखान्याचा प्रॉप (मुंबई) | भारतीय वेळ सकाळी ७:४०

मी ताईंच्या बाजूने.

फिजीच्या २२ गुणांतले १५ पेनल्टीचे, म्हणजे आपल्या नियमभंगावर मिळालेल्या लाथांचे. ट्राय त्यांनी एकच केला. म्हणजे फिजीने आपल्याला फोडून काढलं नाही, आपण ढिगात हात घालून, बाजूने शिरून, चेंडू दाबून ठेवून त्यांना फुकट गुण वाटले. काल वेल्सच्या अँसकॉमनेही सहा पेनल्ट्या मारल्या. डॅन बिगर जखमी होऊन लवकर बाहेर गेला, हा बाकावरून आला, पहिलीच लाथ खांबाला लागली, आणि त्यानंतर २३ गुण करून गेला. बत्तीस वर्षांचा माणूस, एका दुखापतीने जवळजवळ दोन वर्षं मैदानाबाहेर काढलेली. अनुभव म्हणतात तो हा.

मी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळलो आहे. आमचा मोसम पावसाळ्यातला, चिखलात गुडघे रुततात. पहिल्या मोठ्या सामन्यात मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्या स्क्रमला (दोन्ही संघांचे पुढचे गडी खांदे भिडवून रेटतात तो) खाली वाकलो तर पाय लटपटत होते. शेजारचा हूकर, म्हणजे फळीच्या मधला गडी, चाळिशीला आलेला, आम्ही त्याला दादा म्हणायचो. माझ्या बगलेखालून जर्सी मुठीत पकडली आणि कानाशी म्हणाला, "समोरच्याकडे बघू नको. माझ्याबरोबर श्वास घे." रेफरीचा पुकारा होईपर्यंत मी त्याच्या श्वासाला श्वास जोडून होतो. स्क्रम टिकला. हा दादा नसता तर मी ऐंशी मिनिटांत पाच पेनल्ट्या देऊन आलो असतो, आणि कदाचित परत बूट घातलेच नसते.

तात्या, २००७ च्या त्या 'पोरांच्या' संघात सेहवाग होता, युवराज होता, हरभजन होता, आपला आगरकर होता. धोनीच्या अवतीभोवती जुनी माणसं उभी होती. गॉर्डनच्या अवतीभोवती कोण होतं?

---

ओंकार (मेलबर्न) | दुपारी १:३०

तुम्ही एका माणसाच्या यादीवरून भांडताय आणि घराला वाळवी लागलीय.

मी मेलबर्नमध्ये राहतो. इथे शाळेतल्या मुलांना विचारा कार्टर गॉर्डन कोण, तो इथल्याच रेबल्स संघाकडून खेळतो तरी ओळखणार नाहीत. या शनिवारी एएफएलची (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची) अंतिम लढत आहे, रविवारी रग्बी लीगची, म्हणजे तेरा जणांच्या वेगळ्या रग्बीची. ऑगस्टमध्ये मटिल्डाज (आपला महिला फुटबॉल संघ) इंग्लंडविरुद्ध विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळल्या तेव्हा चौकाचौकात पडदे लावले होते. मी माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा होतो, अनोळखी बायका तिला खाऊ देत होत्या. रग्बी युनियनसाठी, म्हणजे आपल्या पंधरा जणांच्या रग्बीसाठी, या शहरात असं काही मी बघितलेलं नाही.

वॉलाबीजचे खेळाडू येतात कुठून? सिडनी आणि ब्रिस्बेनच्या मोजक्या महागड्या खाजगी शाळांतून, आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतून. दुसऱ्या गटातल्या गुणी पोरांना लीगवाले पंधराव्या-सोळाव्या वर्षीच उचलतात. मग युनियनवाले तोच मुलगा काही वर्षांनी मोठ्या रकमेला परत विकत घेणार. मार्चमध्ये लीगमधल्या जोसेफ सुआलीईला करारबद्ध केलं, आणि तो येणार २०२४ च्या अखेरीस. आणि आमच्या उपनगरातल्या क्लबात मैदानावरच्या पांढऱ्या रेघा बाप लोक शनिवारी सकाळी सहाला स्वतः आखतात.

जोन्स गेला काय, राहिला काय.

---

मेघना | दुपारी ३:१०

ओंकार, तू म्हणतोस ते खरं आहे, आणि माझा नवराही त्या रेघा आखणाऱ्यांतला आहे. पण 'सगळंच बिघडलंय' म्हटलं की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. शाळा, लीग, पैसा यांचा निकाल लागायला पंधरा वर्षं लागतील. चमूची यादी एका माणसाने एका संध्याकाळी लिहिली. ती बदलता येत होती.

तात्या, तुम्ही वयाने मोठे आहात, म्हणून नम्रपणे विचारते. २०२७ ची तयारी करायची तर पोरांना आत्मविश्वास देऊन परत आणायचं की मोडून? २०२१ मध्ये गोल्ड कोस्टला कूपरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आठही लाथा मारल्या होत्या, शेवटची तर वेळ संपल्यावर. २८-२६. कोणी म्हणत नाही की त्याने सगळे सामने खेळावेत. पण फिजीविरुद्ध पन्नासाव्या मिनिटाला आत येऊन गॉर्डनच्या पाठीवर हात ठेवायला तो हवा होता.

आणि आज सकाळच्या पेपरातली बातमी वाचलीत ना? विश्वचषकाच्या आधी जोन्स जपानच्या संघटनेशी व्हिडिओवर नोकरीची बोलणी करत होता म्हणे.

---

तात्या | सायंकाळी ६:४५

त्याने पत्रकार परिषदेत साफ नाकारलं आहे. माझा त्याच्या शब्दावर विश्वास आहे. ज्याने २०१५ ला जपानच्या पोरांकडून दक्षिण आफ्रिकेला हरवून घेतलं, इंग्लंडला २०१९ च्या अंतिम फेरीत नेलं, तो माणूस आपल्या मातीतल्या संघाशी असं वागणार नाही.

निवडीबद्दल एक मान्य करतो. कूपर नको होता तर निदान बर्नार्ड फोली न्यायचा. एकच दहा नंबर नेणं मलाही पटलेलं नाही. हे मी ऑगस्टमध्येच बोलायला हवं होतं. तेव्हा आमच्या घरी मीच सगळ्यांना समजावत होतो की बघा, धाडस याला म्हणतात.

---

रानजाई (पर्थ) | रात्री ९:००

मी या खेळात नवीन. आमच्या इथला वेस्टर्न फोर्स हा संघ २०१७ मध्ये सुपर रग्बी या स्पर्धेतून काढून टाकला तेव्हा शेजारच्या आजोबांनी वर्षभर सामने बघितले नाहीत. आज सकाळी ते कुंपणाशी आले आणि एवढंच म्हणाले, "आता त्यांना कळेल." आनंद नव्हता त्यांच्या आवाजात. डोळे लाल होते.

---

जिमखान्याचा प्रॉप | ९ ऑक्टोबर

पहाटे साडेबाराला जागा होतो. तुमच्यापैकी अनेकजण असतील.

पोर्तुगालला आपण ३४-१४ हरवलं, गटात आपले अकरा गुण झाले. आता पोर्तुगालने फिजीला हरवावं आणि फिजीला एकही बोनस गुण मिळू नये, एवढीच आशा. पोर्तुगालने खरंच हरवलं! २४-२३. विश्वचषकातला त्यांचा पहिला विजय, मोठी माणसं मैदानावर रडत होती. पण फिजी एकाच गुणाने हरली, म्हणून तिला बोनसचा एक गुण मिळाला (सात किंवा कमी गुणांनी हरलं की तो मिळतो). फिजी अकरा, आपण अकरा, आणि आपसातला सामना त्यांनी जिंकलेला.

म्हणजे तो एक झेल. सेंट एटियेनचा. ट्राय आणि त्यावरचे दोन मिळून सात गुण, आणि अंतरही नेमकं सातच.

विश्वचषकात ऑस्ट्रेलिया गटातच गारद होण्याची ही पहिलीच वेळ.

---

मेघना | ९ ऑक्टोबर

प्रॉपदादा, तो झेल कृपया त्या मुलाच्या नावावर लिहू नका. त्या सामन्यात आपण पेनल्ट्यांवर किती गुण दिले ते तुम्हीच वर मोजलंय.

---

जिमखान्याचा प्रॉप | ९ ऑक्टोबर

चुकलं माझं. खरंच चुकलं. झोप नव्हती, जे डोळ्यांसमोर होतं ते लिहून गेलो.

---

तात्या | १४ डिसेंबर २०२३

धागा वर काढतो आहे, कारण मी इथे एक वाक्य लिहिलं होतं आणि ते तसंच राहू देणं बरोबर नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी जोन्सने राजीनामा दिला. पाच वर्षांचा करार, दहा महिन्यांत संपला. नऊ कसोटी, दोन विजय. आता जपानने त्याला प्रशिक्षक म्हणून जाहीर केलं. सप्टेंबरात काय बोलणी झाली होती हे मला माहीत नाही, पण मी 'असं वागणार नाही' म्हणालो होतो, आणि तो गेला. हे मला लागलंय.

तरुणांना संधी द्या हे माझं मत आजही तेच आहे. पण जो संधी देतो त्याने त्यांच्याबरोबर थांबायला हवं. पोरांना भर पावसात मैदानात उतरवून छत्री घेऊन निघून जाणं मला पटत नाही.

---

ओंकार | १४ डिसेंबर २०२३

तात्या, तुमच्याशी वाद घालायला मजा येते कारण तुम्ही असे परत येता. पण संघटनेच्या अध्यक्षालाही नोव्हेंबरात जावं लागलं ते विसरू नका. रेनीला काढून जोन्सला आणायचा निर्णय त्यांच्याच काळातला. एकट्या प्रशिक्षकाने हे केलेलं नाही.

---

मेघना | जून २०२४

शेवटचं लिहिते.

मेलबर्न रेबल्स बंद झाला. कार्टर गॉर्डन गोल्ड कोस्ट टायटन्सकडे, म्हणजे लीगला चाललाय. मी त्याला दोष देत नाही, मीही माझ्या मुलाला 'जा' म्हटलं असतं. ओंकार, तू म्हणाला होतास की गुणी पोरांना लीगवाले उचलतात. हा तर सोळाचा नव्हता, कसोटी खेळलेला होता.

लेक आता बाराचा आहे. या मोसमात त्याने प्रशिक्षकांना स्वतःहून सांगितलं की दहाऐवजी पंधरा नंबर खेळेन. मी कारण विचारलं नाही. शनिवारी पाऊस होता, त्याच्याकडे उंच चेंडू आला, हातातून सुटला. सेंटरला खेळणारा त्याचा मित्र मागे धावत आला, चेंडूवर पडला, आणि उठताना याच्या डोक्यावर टपली मारून गेला. पुढचा झेल त्याने घेतला.