विषय: दूध तोडू का? (सोलापूरहून)

नमस्कार मंडळी,

बाळंतपणासाठी सोलापूरला माहेरी आलेय. बाळ साडेचार महिन्यांचं झालंय. पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला परत आणि लगेच ऑफिस. उजव्या बाजूला चीर पडलीय, पाजायला घेतलं की जीव कासावीस होतो. मागच्या आठवड्यात गाठ होऊन तापही आला. आजी म्हणते दूधच पातळ आहे, वरचं सुरू कर. मावशी म्हणते दोन वर्षं पाजलंच पाहिजे. मला खरंच थांबावंसं वाटतंय आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटतंय. इथे कुणाकडे जाऊ?

---

उत्तर: दूध तोडू का?

अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. तोडायचं की नाही हे तू ठरवायचंस, आजीने नाही नि मावशीनेही नाही. फक्त दुखण्याच्या भरात ठरवू नकोस. मी इथे अमेरिकेत प्रसूती विभागात नर्स आहे, माहेर सोलापूरचंच, म्हणून मोकळेपणी लिहितेय.

चीर बहुतेक वेळा बाळ नीट लागत नाही म्हणून पडते. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय, असं हवं. नुसतं बोंड तोंडात असेल तर दुखणारच. सिव्हिलच्या किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत बाळाला घेऊन जा आणि 'मी पाजते, तुम्ही बघा' असं स्पष्ट सांग. नुसतं तोंडी विचारून भागत नाही. कुणी बाळाच्या फॉर्म्युला दुधाच्या पावडरचा फुकट डबा हातात ठेवला तर घेऊ नकोस, 1992 च्या कायद्याने तसे नमुने वाटायला बंदी आहे.

गाठ तेल लावून जोरात चोळू देऊ नकोस. गार पट्ट्या ठेव, पाजणं चालू ठेव, ते दूध बाळाला चालतं. पुन्हा ताप आला, जागा लाल होऊन तापली, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि अशा वेळी एकदम तोडलंस तर दूध साकळून त्रास वाढतो.

पातळ दिसतं म्हणजे कमी कसदार, असं नसतं. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय ना, मग पुरतंय. उन्हाळा म्हणून कुणी पाणी पाजायला निघालं तर ठामपणे नको म्हण. सहा महिन्यांपर्यंत पाण्याची गरज दुधातूनच भागते, सोलापूरच्या उन्हातसुद्धा.

हे सगळं करूनही थांबावंसं वाटलं तर खुशाल थांब. दर काही दिवसांनी एकेक वेळ कमी कर, कारल्याचा रस वगैरे काही लावू नकोस. वर्षाच्या आत वरचं म्हणजे फॉर्म्युला पावडरचंच, गाईम्हशीचं नाही. किंवा मधला मार्ग: रात्री अंगावर, दिवसा काढलेलं दूध. ते फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. बाहेर चार तास, पण ते 25 अंशांच्या आतल्या खोलीत. तिथे आत्ता काढलं की थेट फ्रिजमध्ये.

ऑफिसला आजच मेल टाक. 2022 च्या कायद्याने इथे बाळ वर्षाचं होईपर्यंत दूध काढायला वेळ आणि बंदिस्त जागा द्यावी लागते, आणि ती जागा बाथरूम चालत नाही. ला लेचे लीग या पाजणाऱ्या आयांना मदत करणाऱ्या संस्थेच्या बैठका फुकट असतात, तिथे तोडायचंय म्हणूनही बायका येतात.

---

उत्तर: दूध तोडू का?

काकू, उद्या सकाळी ओपीडीला जातेय, आईला घेऊन. तोवर दुसऱ्या बाजूने पाजायला सुरुवात केली तर चालेल ना?

---

उत्तर: दूध तोडू का?

चालेल. आधी कमी दुखणाऱ्या बाजूने, पण उजवी भरून ठेवू नकोस. बाळाने नाही ओढलं तर हाताने काढ आणि वाटी-चमच्याने दे.