बी.ए. स्पॅनिश, पहिलं सेमिस्टर, पाटी कोरी: सुरुवात कुठून करू?

नाशिकची_द्राक्षं:
जेएनयूत स्पॅनिशच्या बी.ए.ला प्रवेश मिळाला आहे. स्पॅनिशचा आजवर काडीचाही संबंध नाही. बारावीपर्यंतचं शिक्षण सेमी-इंग्रजी. वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. प्रश्न असे:
१) या तीन आठवड्यांत काय करावं?
२) क्रियापदांची रूपं पाठ करायची की बोलता बोलता येतात?
३) मराठीचा काही उपयोग होतो का, की सगळं इंग्रजीतूनच समजून घ्यायचं?
४) देले परीक्षा (स्पॅनिशच्या पातळीचं प्रमाणपत्र देणारी) कधी द्यावी?

अनुस्वार:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. पाठ्यपुस्तकांतली बरीच स्पष्टीकरणं इंग्रजी भाषकाला काय अवघड जातं हे धरून लिहिलेली असतात. त्याला जिथे दोन तास लागतात तिथे मराठी माणसाला दोन मिनिटं पुरतात, अट एवढीच की वाक्य मनात इंग्रजीत करायचं नाही.

'गुस्तार' घ्या. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'यो गुस्तो' करून बसतो ('यो' म्हणजे मी). आपण फक्त एका ठिकाणी चुकतो: 'माझ्या बहिणीला आवडतं' याचं 'आ मि एर्माना ले गुस्ता' होतं, आणि त्यातला 'ले' आपल्याकडे नसल्यामुळे गळतो. बहिणीचा उल्लेख आधी आला तरी 'ले' लागतोच.

दुसरं, माणसाच्या आधी लागणारा 'आ'. 'बेओ ला कासा', मी घर बघतो. 'बेओ आ मारिया', मी मारियाला बघतो. हा आपला 'ला'च आहे. 'बुस्को उन मेदिको' म्हणजे कोणीतरी डॉक्टर शोधतोय, 'बुस्को आल मेदिको' म्हणजे त्या ठरावीक डॉक्टरांना शोधतोय. इतका बारीक फरकसुद्धा मराठीत जसाच्या तसा आहे.

पुढे भूतकाळ येईल, त्यात दोन रूपं असतात. 'खेळायचो' आणि 'खेळत होतो' या दोन्हींना 'हुगाबा', तर 'खेळलो' याला 'हुगे'. नव्वद टक्के वाक्यं यावर सुटतात. उरलेल्यांतला नेहमीचा सापळा: 'काल दोन तास अभ्यास करत होतो.' मराठीत 'करत होतो' आहे म्हणून विद्यार्थी 'एस्तुदियाबा' लिहितो. पण 'दोन तास' म्हणून मुदत बांधली की स्पॅनिशला ती क्रिया पुरी झालेली दिसते, म्हणून 'एस्तुदिए दोस ओरास'. तसंच 'होता' या एका शब्दासाठी तिकडे 'एरा' आणि 'फुए' असे दोन आहेत. तिथे मराठी मदत करत नाही, वाक्य बघूनच ठरवावं लागतं.

मांडवीकाठ:
अनुस्वार, 'गुस्तार'पर्यंत सहमत. पण पहिल्या सेमिस्टरचे सगळ्यात जास्त गुण जिथे जातात तिथे मराठी उलट गोत्यात आणते, तेही सांगायला हवं. आपल्या एका 'आहे'ला स्पॅनिशमध्ये तीन वाटा आहेत: 'सेर', 'एस्तार' आणि 'आय'.

ओळख, व्यवसाय, मूळ गाव, वेळ, वस्तू कशाची आहे: सेर. जागा आणि सध्याची अवस्था: एस्तार. 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा नियम सर्रास सांगितला जातो, तो पहिल्याच दिवशी विसर. मेलेला माणूस 'एस्ता मुएर्तो' असतो, त्यात तात्पुरतं काय आहे? त्यापेक्षा जोड्या लक्षात ठेव: 'एस आबुर्रिदो' कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' कंटाळलेला. 'एस लिस्तो' हुशार, 'एस्ता लिस्तो' तयार. आणि कार्यक्रमाची जागा मात्र सेरने सांगतात. खोली दुसऱ्या मजल्यावर 'एस्ता', पण तास त्या खोलीत 'एस'. परीक्षक हा प्रश्न हमखास टाकतात.

'आय' कधी? पहिल्यांदाच, अनिश्चितपणे सांगताना. इथे एक बँक आहे: 'आय उन बान्को'. ती बँक चौकात आहे: 'एल बान्को एस्ता...'. 'आय'नंतर 'एल' किंवा 'ला' (नामाआधीचे शब्द, इंग्रजी 'द'सारखे; एल पुल्लिंगी, ला स्त्रीलिंगी) आलं तर ऐंशी-नव्वद टक्के वेळा चूक आहे असं समज.

लिंगाचं तसंच. आपल्याकडे तीन लिंगं आणि विशेषणांचे फेरे (चांगला, चांगली, चांगलं) असल्यामुळे कल्पना नवी नाही. पण मराठी लिंग तिकडे नेऊ नकोस. पुस्तक, टेबल, पाणी ही आपली सगळी नपुंसकलिंगी, तिकडे 'लिब्रो' पुल्लिंगी, 'मेसा' आणि 'आग्वा' स्त्रीलिंगी. त्यात 'आग्वा' एकवचनात 'एल' लावते, तरी थंड पाणी 'एल आग्वा फ्रिया'च. ग्रीकमधून आलेले 'मा'कारान्त शब्द (प्रोब्लेमा, सिस्तेमा, तेमा, इदियोमा, क्लिमा) पुल्लिंगी. 'मानो' म्हणजे हात, स्त्रीलिंगी. शेवटी 'सियोन' किंवा 'दाद' असेल तर स्त्रीलिंगी. शब्द कधीही एकटा पाठ करायचा नाही, एल किंवा ला लावूनच.

गोव्यातल्या पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना एक वेगळी सूचना: वाचायला सोपं जाईल, लिहिताना खिचडी होईल. पोर्तुगीजमध्ये 'पोल्वु' म्हणजे ऑक्टोपस, स्पॅनिशमध्ये 'पोल्बो' म्हणजे धूळ. हॉटेलात मागवताना जपून.

खडूफळा:
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देते.

पहिला आठवडा फक्त उच्चार. त आणि द आपल्याकडे तयार आहेत, पण लॅटिन लिपी दिसली की जीभ इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणते. 'टोमाटे' नाही, 'तोमाते'. प, त, क यांत हवा सोडायची नाही, ते आपल्याला आपोआप जमतं. 'एच' मुका. 'बी' आणि 'व्ही' दोन्हींचा उच्चार ब. 'जे'चा घशातून ख-ह. एकेरी र आणि घोळवलेला र्र वेगळे: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, 'कारो' महाग, 'कार्रो' गाडी. लॅटिन अमेरिकेत 'झेड' म्हणजे स, स्पेनच्या बऱ्याच भागात दातांत जीभ धरून. कुठलंही एक धर, मिसळू नकोस.

आपलं खरं दुखणं आघात (अक्षरावरचा जोर) आहे, कारण मराठीत आघात बदलला म्हणून अर्थ बदलत नाही. नियम लहान आहे: शब्द स्वर, न किंवा स ने संपला तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात, नाहीतर शेवटच्यावर, आणि या नियमाबाहेर गेला तर स्वरावर तिरकी रेघ. 'आब्लो'मध्ये जोर आधीच्या अक्षरावर असेल तर 'मी बोलतो', शेवटच्यावर असेल तर 'तो बोलला'. रेघ विसरली की काळ आणि माणूस दोन्ही बदलतात.

इथे सगळे देवनागरीत लिहितोय, तू वहीत तसं करू नकोस. मुका एच, ब-व्ही आणि तिरकी रेघ देवनागरीत दिसत नाहीत, मग शुद्धलेखनाचे गुण जातात. मोबाइलवर स्पॅनिश कीबोर्ड आजच टाक. वय सांगताना 'आञोस'मधल्या ञवरची नागमोडी रेघ राहिली तर वर्षांऐवजी शरीराचा भलताच अवयव लिहिला जातो.

दुसरा आणि तिसरा आठवडा: आर, एर, ईर यांनी संपणाऱ्या क्रियापदांच्या तीन गटांची वर्तमानकाळाची रूपं आणि दहा अनियमित क्रियापदं: सेर, एस्तार, तेनेर, ईर, आसेर, पोदेर, केरेर, बेनीर, देसीर, साबेर. हो, पाठच करायची, पण तक्ता म्हणून नाही. वरून खाली पाढ्यासारखं पाठ केलं की 'आम्ही'चं रूप हवं असताना 'मी'पासून मोजत यावं लागतं. चिठ्ठीवर एका बाजूला 'आम्ही येतो', 'ते म्हणतात' असं मराठीत, मागे स्पॅनिश. चिठ्ठ्या पिसून मोठ्याने वीस मिनिटं, रोज. कर्ता गाळायची सवय मराठीत आहेच ('जातो' म्हटलं की पुरतं), त्यामुळे 'बोय' पुरेसं, दर वाक्यात 'यो' नको.

ऐकण्यासाठी बातम्या लावून बसू नकोस, सुरुवातीला ते नुसतं पाणी अंगावरून जातं. पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीतला एक मिनिटाचा तुकडा घे. आधी मजकूर न बघता ऐक, मग थांबवत थांबवत लिहून काढ, मग छापील मजकुराशी ताडून चुका लाल कर, शेवटी त्याच वेगात सोबत बोल. संख्यांसाठी हे जास्त करावं लागतं: 'सेसेंता' साठ, 'सेतेंता' सत्तर, फरक एका व्यंजनाचा.

नाशिकची_द्राक्षं:
सगळ्यांचे आभार! 'उस्तेद' कोणाला म्हणायचं? आणि चौथा प्रश्न राहिला.

अनुस्वार:
'उस्तेद' म्हणजे साधारण आदरार्थी तुम्ही, पण क्रियापद 'तो/ती'चं. शिक्षकांना सुरुवातीला उस्तेदच, त्यांनी 'तू' म्हणायला सांगितलं तर बदल. अनेकवचनी 'बोसोत्रोस' स्पेनमध्ये, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना 'उस्तेदेस'. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' ऐकू आलं तर दचकू नकोस.

खडूफळा:
देले ए१ (सगळ्यात खालची पातळी; वर ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) साठी घाई नको. पदवी करतेच आहेस, तर बी१ किंवा बी२ला पैसे खर्च कर. गुणांची रचना मात्र आत्ताच समजून घे: वाचन आणि लेखन एक गट, ऐकणं आणि बोलणं दुसरा. प्रत्येक गट ५० गुणांचा, दोन्हींत किमान ३० हवेत. कच्चं लेखन चांगल्या वाचनाने सावरता येतं, पण कच्चं ऐकणं वाचनाने सावरत नाही. प्रमाणपत्राला मुदत नाही. सिएले ही स्पॅनिशची दुसरी परीक्षा संगणकावर होते, तिच्यात पास-नापास नसतं, गुणांवरून पातळी ठरते, आणि ते प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. अर्ज करताना समोरची संस्था कुठलं मागते ते बघून निवड. दिल्लीत हनुमान रोडवर इन्स्तितुतो सेर्बांतेस (स्पॅनिश शिकवणारी स्पेनची सरकारी संस्था) आहे, तिथल्या ग्रंथालयात सोप्या पातळीची वाचनाची पुस्तकं असतात. ए१ लिहिलेली घे, 'डॉन किहोते' कादंबरीला अजून चार वर्षं आहेत.