सीईटीच्या सराव पेपरचा निकाल आल्यावर पुढे नेमकं काय करायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लेक बारावी सायन्सला आहे, आम्ही सांगलीत. एमएचटी-सीईटी (इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा; पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) द्यायची आहे. क्लासची टेस्ट सिरीज सुरू आहे. रविवारी पेपर, संध्याकाळी मोबाईलवर निकाल: एकूण गुण, पर्सेंटाइल (शेकडा किती मुलं मागे आहेत तो आकडा), क्लासमधला नंबर. तिथेच विषय संपतो, कारण तोवर पुढच्या पेपरचा सिलॅबस येऊन पडलेला असतो. गुण २०० पैकी १२० च्या अलीकडे-पलीकडे घुटमळतायत. क्लासमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर: "सिली मिस्टेक्स कमी करायला सांगा."

मी बँकेत नोकरी करते. टोटल जुळली नाही तर एकेक एन्ट्री बघायची सवय, म्हणून या वेळी लेकीला शेजारी बसवून अख्खा पेपर प्रश्नागणिक पाहिला. सिली मिस्टेक म्हणावी अशा चुका फार थोड्या निघाल्या. दुसरंच काहीतरी दिसलं.

फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न (विषयाला ५०), म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. ती आधी फिजिक्स घेते. केमिस्ट्रीत ३८ व्या प्रश्नानंतर वेळच उरला नाही, म्हणून सगळीकडे पर्याय 'सी'! निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामं काही सोडायचं नाही, हे ठीकच. पण त्या शेवटच्या बारांतले पाच प्रश्न तिने घरी पुस्तकाला हात न लावता सोडवले. निकालात मात्र केमिस्ट्रीपुढे 'कच्चा विषय' असा लाल शेरा.

गणितात उलटी गंमत. शून्य ते पाय बाय टू, साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. उत्तर पाय बाय फोर, बरोबर, हिरवी टिक. कच्च्या कागदावर मात्र पानभर आकडेमोड. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं की दोन ओळींत सुटणारं गणित, आणि बोर्डाच्या तयारीत तिने ते तसंच सोडवलेलं आहे. हिरव्या टिकेमुळे तिकडे कुणी बघणारच नव्हतं.

तर प्रश्न असे. एका पेपरची अशी चिरफाड करायला किती वेळ द्यावा? दोघींचा रविवार-सोमवार त्यात गेला. चुकांची वही ठेवावी म्हणतात, तिचा खरंच उपयोग होतो का? आणि क्लासच्या पर्सेंटाइलवर कितपत विश्वास ठेवायचा? घरात तो आकडा बघूनच त्या दिवशीचं वातावरण ठरतं, आजीसुद्धा विचारते.

प्रतिसाद १

ताई, गणित शिकवतो म्हणून लिहितो. आधी पर्सेंटाइल. क्लासचं पर्सेंटाइल म्हणजे त्या दिवशी पेपरला बसलेल्या पोरांमधली जागा. खरी परीक्षा अनेक शिफ्टमध्ये, वेगवेगळ्या पेपरांनी होते आणि पर्सेंटाइल त्या-त्या शिफ्टमधल्या सगळ्यांवरून काढतात, म्हणून तेवढेच गुण अवघड शिफ्टमध्ये वरचं पर्सेंटाइल देऊन जातात. दोन्हींची तुलना करूच नका. आजींना 'चाललंय बरं' एवढं पुरे.

दुसरं, अंदाजाने मारलेल्या प्रश्नांचा हिशेब वेगळा ठेवा. चार पर्यायांत वीस प्रश्न डोळे मिटून मारले तर सरासरी पाच बरोबर येतात. पण एखाद्या पेपरात दोनच येतील, एखाद्यात आठ. गणितात प्रश्नाला २ गुण, म्हणजे नुसत्या नशिबावर १२ गुणांचा फरक! १२० चे ११२ झाले म्हणून रडू नये नि १२८ झाले म्हणून पेढे वाटू नयेत. पेपर देतानाच कच्च्या कागदावर अंदाजाच्या प्रश्नांचे नंबर टिपून ठेवायला सांगा. ते वगळून उरतात ते तिचे गुण, आणि पेपरागणिक तेच वाढतायत का ते बघा.

इंटिग्रेशनचं म्हणाल तर तुम्ही अचूक जागी बोट ठेवलंत. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, प्रश्नाला १०८ सेकंद. बरोबर पण लांबलेले प्रश्न चुकलेल्यांइतकेच तपासायचे.

प्रतिसाद २

काकू, मी गेल्या वर्षी दिली. पहिली ९० मिनिटं संपल्याशिवाय गणिताचा भाग उघडत नाही, त्यामुळे तिकडे घाई करून इकडे वेळ वाचत नसतो. तुमच्या मुलीला केमिस्ट्री आधी घ्यायला सांगा. थिअरीचे प्रश्न वाचले की येतात किंवा येत नाहीत, बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचलेलं असलं की झालं. फिजिक्सची आकडेमोड नंतर, उरलेल्या वेळात.

वहीबद्दल माझं मत वाईट आहे. रंगीत पेनांनी उत्तरं उतरवून काढतात आणि परत कुणी उघडत नाही. त्यापेक्षा फक्त प्रश्न क्रमांक लिहायचे, आठवड्याने उत्तर न बघता तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे. सुटला की काट मारायची.

अजून एक, प्रत्येक चुकीपुढे अकरावी की बारावी ते लिहा. अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणजे विषयाला दहाएक प्रश्न. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांचे तिथेच जात होते, कारण अकरावीला कुणी क्लासमध्ये नीट लक्षच दिलं नव्हतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. @प्रतिसाद १, अंदाजाचे प्रश्न आता तिला धड आठवत नाहीत, त्यामुळे तो हिशेब येत्या रविवारपासून. अकरावी-बारावी मात्र लगेच लावून पाहिलं. गणितात चुकलेल्यांपैकी बरेच ट्रिगोनोमेट्री आणि सर्कलचे निघाले, दोन्ही अकरावीचे. निकालपत्रात दिसत होतं फक्त 'मॅथ्स ५४ टक्के'.

आता बोर्डाची प्रॅक्टिकल्स तोंडावर आलीत. एखाद्या रविवारी नवा पेपर न देता जुन्याच पेपरातले काट न मारलेले प्रश्न सोडवले तर चालेल का? क्लासवाले म्हणतात पेपर बुडवायचा नाही.

प्रतिसाद १

खुशाल बुडवा. फक्त ते प्रश्नही घड्याळ लावूनच सोडवायला सांगा, आणि सर्कलचा धडा त्याच आठवड्यात उरकून घ्या.