अनुभव धागा: जिथे पोलीस नाहीत, तिथे किती माल घेऊन जाता?

ऑनलाइन खेळांतल्या धोक्याच्या जागा: ईव्हमधलं नलसेक, रूनस्केपचं वाइल्डरनेस, अल्बियनचे लाल-काळे झोन. या भागांत कोणीही कोणालाही मारतो आणि मेलात की अंगावरचं बहुतेक दुसऱ्याचं. चांगला माल मुद्दाम तिथेच ठेवलेला असतो. निघण्यापूर्वी तुम्ही काय हिशोब करता? 'मजा म्हणून जातो' हेही चालेल, पण मग मजा नेमकी कशात ते लिहा. युद्धाच्या गोष्टी कमी, हिशोब जास्त. (गोष्टी येणारच, माहीत आहे.)

ईव्ह, पुणे
आमच्या अंतराळातल्या खेळात प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षेचा आकडा असतो. ०.५ ते १.० मध्ये, म्हणजे हायसेकमध्ये, कोणी विनाकारण हल्ला केला की काँकॉर्ड (खेळातले पोलीस) येऊन त्याचं जहाज उडवतं. त्यात तुम्ही वाचालच असं नाही. काँकॉर्ड शिक्षा करतं, राखण करत नाही. म्हणून हायसेकमध्येही मालवाहू जहाज फार भरलं की चार जण स्वस्त जहाजं बळी देऊन ते फोडतात. मालातला साधारण निम्मा शाबूत राहतो आणि तेवढ्यात त्यांचा खर्च सुटतो. हे कळल्यापासून मी हिशोब मारणाऱ्याच्या बाजूने करतो: मला फोडून त्याच्या हाती काय पडेल? त्याला परवडणार नाही इतकाच माल भरायचा, उरलेल्यासाठी दुसरी फेरी.

०.१ ते ०.४ मध्ये काँकॉर्ड येत नाही, गेटवरच्या तोफा तेवढ्या असतात. त्याखाली, म्हणजे नलसेकमध्ये, त्याही नाहीत, शिवाय बबल (अडवणारा गोळा) टाकून वॉर्प, म्हणजे झटक्यात निसटणं, अडवतात. तिथे निदान लोकल चॅटच्या यादीत (त्या सूर्यमालेत कोण कोण आहे ती) अनोळखी नाव दिसतं, खाणकाम टाकून पळता येतं. २००९ मध्ये आलेल्या वर्महोलमध्ये (बदलत्या बोगद्यांतून पोहोचायच्या सूर्यमाला) तर बोलल्याशिवाय कोणी यादीतच येत नाही. मग आसपासची जहाजं दाखवणारा डी-स्कॅन सारखा दाबत बसायचं. कमाई तिथे भरपूर आहे, पण दिवसभर ऑफिस करून रात्री ही पहारेदारी करायची म्हणजे मी तो भाव कमीच धरतो.

आणि इम्प्लांट, म्हणजे कौशल्य वाढवायला डोक्यात बसवलेले भाग! जहाज गेल्यावर उरणारा पॉड फुटला की तेही गेले. मी जंप क्लोन (इम्प्लांट नसलेलं दुसरं शरीर) वापरतो, म्हणजे नलसेकला अक्षरशः रिकाम्या डोक्याने जातो.

ओल्ड स्कूल रूनस्केप, नाशिक
वाइल्डरनेसमध्ये गणित उघडं आहे. डोक्यावर कवटी (हल्लेखोराची खूण) नसेल तर मरताना सर्वांत महागड्या तीन वस्तू राहतात, प्रोटेक्ट आयटम ही प्रार्थना चालू असेल तर चौथीही. तेव्हा तीन बऱ्या वस्तू, बाकी सगळं गेलं तरी चालेल असं. आत जाल तशी पातळी वाढते. पातळी २० च्या वर नेहमीचे टेलिपोर्ट (एका क्षणात दुसरीकडे पोहोचवणारे मंत्र) चालत नाहीत, काही दागिने ३० पर्यंत साथ देतात. मी ३० ची रेघ सहसा ओलांडत नाही.

मूळ रूनस्केपमध्ये डिसेंबर २००७ ला इथली मारामारी बंद केली होती. माणसांऐवजी रेव्हनंट नावाची भुतं फिरायची. फेब्रुवारी २०११ मध्ये, खेळाडूंच्या मतदानानंतर, मारामारी परत आली. धोका काढून टाकला तर लोक खूश होतील असं वाटतं ना? मग ते मत कोणी दिलं?

तोच खेळ, दुसरी बाजू, कोल्हापूर
नाशिककर, आम्हालाही भीती असते बरं का. पहिला वार जो करतो त्याच्या डोक्यावर कवटी येते आणि त्याच्या त्या तीन वस्तूही जातात. तुम्ही स्वस्तात आलेले, मी सगळं पणाला लावून. तुमच्या पिशवीत काय असेल याचा अंदाज चुकला की माझा दिवस तोट्यात. रिकाम्या हाताने येणारे फार झालेत हल्ली, धंदाच बसलाय.

अल्बियन, डोंबिवली
मी मोबाईलवर खेळतो, बहुतेक लोकल ट्रेनमध्ये. बसायला जागा मिळाली तर लाल झोन. उभा असलो तर पिवळा, तिथे पाडतात पण सामान राहतं. काळा झोन घरी, वायफायवर आणि गिल्डसोबत (आमचा खेळाडूंचा गट). २०२३ ला आशियाचा जवळचा सर्व्हर आला, खेळ कमी अडखळतो, म्हणून निदान पळून जाण्याची आशा तरी आहे. तेच स्वस्त कपडे-हत्यारं अनेक जोड्यांत पेटीत लावून ठेवलीत. एक जोडी गेली की दुसरी चढवायची, विचार करायचा नाही.

टार्कोव्ह, सध्या दुबई
हा बंदुकांचा खेळ, मिळेल ते घेऊन जिवंत बाहेर पडायचं. इथे सामानाचा विमा काढता येतो, पण कोणी ते उचलून बाहेर नेलं तर परत मिळत नाही. म्हणजे ज्याला कोणी हात लावत नाही तेच परत येतं. महागड्या बंदुकीचा विमा एकटा खेळत असाल तर जवळजवळ देणगीच. मित्र सोबत असतील तर गोष्ट वेगळी. एक जण मेला की आम्ही आधी त्याची बंदूक झुडपात फेकतो, मग पळतो. बहुतेक वेळा ती विम्यातून त्याला परत मिळते. मेलेला मित्र मात्र तोवर हेडफोनवर ओरडत असतो, "ते नाही रे, उजवीकडचं झुडूप!"