मदत हवी आहे: रात्री उरलेली भाकरी, वरण, भात यांचं उन्हाळ्यात काय करता?

आम्ही लातूरला असतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन पोरं. सकाळचं काही उरत नाही, डब्यांच्या हिशेबानेच होतं. घोळ सगळा रात्रीचा. सासऱ्यांना ज्वारीची भाकरीच लागते, पोरांना पोळी हवी, आणि आमच्या ह्यांचं दुकान बंद करून येणं कधी साडेनऊला, तर कधी बाहेरूनच खाऊन येतात. फोन करतील तर शपथ! मग दोन-तीन भाकरी, वाटी-दीड वाटी वरण आणि थोडा भात उरतोच.

थंडीत मला याचं काही वाटत नाही. शिळी भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा समोर आला की सासरे ताज्या नाश्त्याला हात लावत नाहीत. पण एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या आसपास, त्यात रात्री लाइट जाते. सकाळी झाकण काढावं तर वरणाला तार सुटलेली आणि भात विटलेला. फ्रिज आहे, पण उष्ट्या हाताने वाढलेलं पातेलं त्यात ठेवलेलं सासूबाईंना चालत नाही. आणि टाकलेलंही चालत नाही! दोन्ही एकदम कसं जमवायचं ते विचारायची सोय नाही.

भाकरीचा कुस्करा करते, फोडणीचा भात करते. कुस्करा दिसला की पोरं तोंड वाकडं करतात. तर भाकरीचं दुसरं काय करता येईल? वरण दुसऱ्या दिवशी कशात खपवता? आणि शेजारच्या काकू म्हणतात, रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कडकडीत फोडणी दिली की झालं. हे खरं आहे का? ‘कमीच करत जा’ हे कृपया सांगू नका, ते घरात रोज ऐकते.

उदगीरची
कुस्करा कोरडा होत असणार, म्हणून पोरं खात नाहीत. भाकरी मिक्सरला तर लावत नाही ना? भुगा होतो आणि घशात अडकतो. त्यापेक्षा तुकडे करा. भाकरी हाताने रुपयाएवढी तोडायची. कढईत तेल जरा सढळ हाताने, जिरं-मोहरी, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून. लसूण तांबूस झाला की कांदा, हळद आणि काळं तिखट. त्यावर उरलेलं वरण आणि तेवढंच पाणी. खळखळून उकळी फुटली की तुकडे टाकायचे आणि झाकण ठेवून गॅस बारीक करायचा. पाच मिनिटांत तुकड्याच्या कडा मऊ होतात, मधे थोडा चावा राहतो. तिथेच गॅस बंद, नाहीतर लगदा होतो. वरण फारच पातळ असेल तर चमचाभर येसर (धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ) पाण्यात कालवून लावा. वरून कोथिंबीर आणि कच्च्या तेलाची धार. भाकरी आणि वरण दोन्ही एकाच कढईत संपतं, आणि रात्रीचं जेवण म्हणून वाढता येतं.

भाकरी विरी गेलेल्या, म्हणजे जुन्या होऊन चिकटपणा गेलेल्या पिठाची असेल तर तुकडे लवकर विरघळतात, तेव्हा पाणी कमी घाला.

परभणीकर
काकूंचं ऐकू नका. मी अन्नतंत्र शिकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते भात शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातला एक प्रकार असं विष तयार करतो की जे पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणजे फोडणीने वास झाकतो, उलट्या थांबत नाहीत. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि 32 अंशांच्या वर हवा असेल तर एकच तास. लातूरच्या मे महिन्यात रात्री नऊलाही तेवढं असतं. भात परातीत पसरायचा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर बाहेर राहिलेला असेल तर टाका, त्यात काटकसर नको.

सासूबाईंच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. वाढायला बसायच्या आधीच अर्धं वरण वेगळं काढा, कोरड्या पळीने, फोडणी न देता. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं की लवकर निवतं. मग फ्रिजमध्ये. उष्ट्या हाताचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यालाच चिंच-गूळ, काळा मसाला घालून वरणफळं करा. लाइट गेली तर फ्रिजचं दार सारखं उघडू नका एवढंच.

औशाहून
भाकरी गरम-गरम डब्यात कोंबता का? घाम सुटून ओली होते, मग बुरशी धरते. आमच्याकडे कापडात गुंडाळून दुरडीत ठेवतात. उरलेली भाकरी बारीक गॅसवर तव्यावर कडक होईपर्यंत भाजून ठेवली तर पोरं चटणीशी पापडासारखी खातात.

आणि भाताचे धपाटे केलेत का? फ्रिजमधला भात हाताने चांगला कुस्करून ज्वारीच्या पिठात घाला, थोडं गव्हाचं आणि बेसन, वाटलेली लसूण-मिरची, तीळ, ओवा. ओल्या फडक्यावर थापून मधे भोक पाडायचं. भातामुळे मऊ होतात आणि दह्याशी मस्त लागतात. पीठ मात्र मळून ठेवू नका, पाणी सुटतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी तुकडे केले. पोरांनी खाल्ले, धाकट्याने वरून शेव मागितली आणि दिली. सासूबाईंचं म्हणणं लसूण कमी पडला, म्हणजे आवडले असावेत. वरण आधीच काढून ठेवायची युक्ती त्यांनाही पटली, आता त्याच ‘आधी काढून ठेव’ म्हणतात, जणू त्यांचीच कल्पना.

येसर घरातला संपलाय. दुकानातला नको आहे, घरीच भाजून दळायचा आहे. वाटीच्या मापात प्रमाण कोणी सांगेल का? आमच्याकडे बाजरी घालत नाहीत.